थर्माकोलच्या खोक्यात अंडी उबवताना

खुडूक कोंबडी एका वेळी फार तर बारा-पंधरा अंडी पोटाखाली घेते, आणि तीही तिच्या मर्जीने. त्याहून जास्त पिल्लं हवी असतील, किंवा कडकनाथसारख्या फारशा खुडूक न बसणाऱ्या कोंबडीची पिल्लं काढायची असतील, तर तीस अंड्यांचं इनक्युबेटर, म्हणजे अंडी उबवायचं गरम खोकं, घरी बनवता येतं. खोकं बनवणं हा यातला सोपा भाग. अंडी वाया जातात ती बहुतेक वेळा चुकीचं तापमान दाखवणाऱ्या थर्मामीटरमुळे आणि ओलाव्याच्या गोंधळामुळे. म्हणून आपोआप फिरणाऱ्या ट्रेवर पैसे घालण्याआधी मोजमापाच्या साधनांवर घाला. अंडी हातानेही फिरवता येतात, तापमान हाताने कळत नाही.

आधी अंडी

दुकानातल्या अंड्यांतून पिल्लू निघत नाही. लेअर फार्मवर, म्हणजे खायच्या अंड्यांसाठी कोंबड्या पाळतात तिथे, कोंबडा नसतो, त्यामुळे ती अंडी फलित नसतात. आठ-दहा कोंबड्यांमागे एक तरतरीत कोंबडा हवा आणि तो कळपात सोडून किमान दोन आठवडे झालेले हवेत. पुणे, छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि कोल्हापूर इथल्या सरकारी मध्यवर्ती अंडी उबवणी केंद्रांतही उबवणीच्या अंड्यांची चौकशी करता येते. गिरिराज, वनराज या संकरित जाती आहेत. त्यांचीच अंडी घरी उबवली तर पिल्लं निघतील, पण पुढच्या पिढीत वजनाचं आणि अंड्यांचं प्रमाण तेच राहील याची खात्री नाही.

अंडी निवडताना मध्यम आकाराची, एका टोकाला नीट निमुळती, गुळगुळीत कवचाची घ्या. फार मोठं अंडं दोन बलकांचं असू शकतं. अगदी गोल, लांबुडकी, खरबरीत किंवा केसाएवढी चीर गेलेली अंडी बाजूला काढा. चीर डोळ्यांना दिसत नाही, पण दोन अंडी एकमेकांवर हलकेच टेकवली की आवाज बद्द येतो.

अंडी धुवू नका. कवचावर एक नैसर्गिक थर असतो, धुतल्यावर तो जातो आणि छिद्रांतून जंतू आत शिरतात. थोडी घाण असेल तर कोरड्या फडक्याने पुसा, फार माखलेलं अंडं बसवूच नका.

साठवण निमुळतं टोक खाली करून, अंड्यांच्या ट्रेमध्ये. १५ ते १८ अंश सेल्सिअसला सात दिवसांपर्यंतची अंडी चांगली. आपल्याकडे उन्हाळ्यात घरातच ३२-३५ अंश असतं. एवढ्या उष्णतेत गर्भ अर्धवट वाढायला लागतो आणि मरतो. एप्रिल-मेमध्ये तीन-चार दिवसांपेक्षा जास्त साठवू नका आणि तेवढे दिवसही माठाशेजारी, ओल्या पोत्याच्या आडोशाला ठेवा. फ्रिज जास्त थंड असतो, त्यात नको. एसटीने किंवा दुचाकीवरून आणलेली अंडी निमुळतं टोक खाली करून किमान १२ तास निवांत राहू द्या, मगच बसवा.

खोकं

मासळी बाजारात किंवा औषधांच्या दुकानात मिळणारं जाड थर्माकोलचं खोकं घ्या. आतून साधारण ४५ सेंमी लांब, ३५ रुंद, ३० उंच आणि भिंत ३ सेंमी तरी जाड. मासळीचं असेल तर आधी धुऊन, वास जाईपर्यंत वाळवा. बाकी सामान असं:

• २५ वॅटचे दोन फिलामेंट बल्ब आणि होल्डर
• डब्ल्यू १२०९ नावाचा १२ व्होल्टचा तापमान नियंत्रक, वायरला जोडलेल्या धातूच्या सेन्सरसह
• १२ व्होल्ट, १ अँपिअरचा अडॅप्टर
• कॉम्प्युटरमधला ८० मिमीचा १२ व्होल्टचा पंखा
• डिजिटल आर्द्रतामापक आणि ताप मोजायचा डिजिटल थर्मामीटर
• अर्धा इंची वेल्डमेश जाळी, फोटो फ्रेमची काच, पत्र्याचा रिकामा डबा

एलईडी बल्ब चालत नाही, तो पुरेशी उष्णता देत नाही. बल्ब दोन घ्यायचे कारण रात्री एक उडाला तरी दुसरा वेळ मारून नेतो. या मापाच्या खोक्याला हिवाळ्यातही ५० वॅट पुरतात. १०० वॅटचा बल्ब लावला तर तो बंद झाल्यावरही काच आणि पत्रा तापलेले राहतात आणि तापमान अर्धा-एक अंश वर निघून जातं.

बल्ब एका बाजूला, थर्माकोलपासून सगळीकडून किमान ८ सेंमी लांब. थर्माकोल बल्बच्या धगीने वितळतो आणि पेटतोही. पत्र्याच्या डब्याला भोकं पाडून तो बल्बांवर आडोसा म्हणून बसवा. उजेड अडतो आणि पिल्लं बल्बला चिकटत नाहीत. पंखा बल्बच्या वर किंवा शेजारी असा लावा की गरम हवा समोरच्या भिंतीकडे ढकलली जाईल, थेट अंड्यांवर येणार नाही. जाळी तळापासून ६-७ सेंमी वर, तिच्याखाली पाण्याच्या थाळ्या.

हवेसाठी खालच्या बाजूला १२ मिमीची दोन भोकं, झाकणाजवळ दोन. गर्भ श्वास घेतो, शेवटच्या आठवड्यात तर भरपूर. उष्णता वाचावी म्हणून भोकं बुजवली की पूर्ण वाढलेली पिल्लं कवचातच गुदमरतात. झाकणात १५ × १० सेंमीची खिडकी कापून काच सिलिकॉनने चिकटवा. खिडकी नसली की हात सारखा झाकणाकडे जातो.

वायरिंग

अडॅप्टरचे १२ व्होल्ट दोन ठिकाणी द्यायचे: नियंत्रकाला आणि थेट पंख्याला. पंखा नियंत्रकावर जोडू नका, तो चोवीस तास चालला पाहिजे. घरच्या विजेचा फेज नियंत्रकाच्या के० टर्मिनलला, के१ मधून बल्बच्या होल्डरला, आणि न्यूट्रल सरळ होल्डरला. दोन्ही बल्ब समांतर जोडायचे. नियंत्रकाची पट्टी उघडी असते आणि तिच्या मागच्या बाजूला २३० व्होल्ट खेळत असतात, म्हणून ती खोक्याच्या बाहेर प्लास्टिकच्या स्विचबोर्डच्या डब्यात बसवा. आत पाणी आणि बाहेर वीज असा हा मामला आहे, सवय नसेल तर वायरमनकडून करून घ्या. ईएलसीबी, म्हणजे वीजगळती झाली की पुरवठा तोडणारा स्विच, असलेल्या लाइनवर लावणं उत्तम. आत हात घालण्याआधी पिन काढायची, प्रत्येक वेळी.

हा नियंत्रक नवा असताना बहुधा ‘सी’ म्हणजे थंड करण्याच्या सेटिंगवर असतो. सेट बटण काही सेकंद दाबून ठेवलं की पी० येतं, ते ‘एच’वर न्या. पी१ म्हणजे चालू-बंद यातला फरक. तो २ अंशांवर असतो, ०.३ वर आणा. मग सेट बटण एकदा हलकं दाबून ३७.७ ठेवा. आता बल्ब ३७.७ ला बंद होईल आणि ३७.४ ला पुन्हा लागेल.

नियंत्रकातला रिले, म्हणजे बल्ब चालू-बंद करणारा स्विच, कधी कधी चिकटतो. म्हणजे नियंत्रक ‘बंद’ दाखवतो आणि बल्ब जळत राहतो. सकाळी बघावं तर आत ४४ अंश आणि सगळी अंडी शिजलेली. उपाय स्वस्त आहे: तसाच दुसरा नियंत्रक फेजमध्ये पहिल्याच्या मागे ओळीत जोडून ३८.५ वर ठेवा. पहिला अडकला तर दुसरा तोडतो.

सेन्सर अंड्यांच्या मधोमध, अंड्याच्या वरच्या पातळीला, पण अंड्याला न टेकता आणि बल्बच्या धगीच्या वाटेत न येता बांधा. तो सरकला की सगळं गणित बदलतं, म्हणून जाळीला प्लास्टिक टायने पक्का करा.

थर्मामीटरवर विश्वास ठेवण्याआधी

स्वस्त सेन्सर एक-दीड अंशाने चुकलेले सर्रास निघतात, आणि उबवणीत एक अंश म्हणजे पिल्लं आणि नासकी अंडी यातला फरक. घरात बऱ्यापैकी अचूक साधन एकच असतं, ताप मोजायचा थर्मामीटर.

पेल्यात साधारण ३८ अंशांचं कोमट पाणी घ्या. नियंत्रकाचा सेन्सर आणि थर्मामीटरचं टोक रबरबँडने एकत्र बांधून बुडवा आणि ढवळत राहा. डिजिटल थर्मामीटर सर्वांत वरचा आकडा धरून ठेवतो आणि पाणी निवत असतं, म्हणून बीप वाजता क्षणीच नियंत्रकाचा आकडा टिपून घ्या. तीनदा करा. थर्मामीटर १०० फॅरेनहाइट म्हणजे ३७.८ सेल्सिअस दाखवत असताना नियंत्रक ३७ दाखवत असेल, तर तो ०.८ ने कमी आहे. पी४ या आकडा दुरुस्त करायच्या सेटिंगमध्ये ०.८ घाला.

आर्द्रतामापकासाठी मिठाची परीक्षा आहे. बाटलीच्या झाकणात मीठ घेऊन चिखल होईल एवढंच पाणी घाला, मीठ विरघळू देऊ नका. झाकण आणि मापक हवाबंद डब्यात आठ-दहा तास ठेवा. मापकाने ७५ टक्के दाखवायला हवं. ७० दाखवलं तर दर वेळी ५ मिळवून वाचा.

मग खोकं रिकामं न चालवता आत पाण्याच्या चार-पाच छोट्या बाटल्या ठेवून किमान २४ तास चालवा. चारही कोपऱ्यांत आणि मधे तापमान घ्या. अर्ध्या अंशाहून जास्त फरक असेल तर पंख्याची जागा बदला. पहाटे आणि दुपारी, दोन्ही वेळी तपासा. ही चाचणी झाल्याशिवाय अंडी आत जाता कामा नयेत.

पंख्याच्या खोक्यात ३७.५ ते ३७.७ हे कोंबडीच्या अंड्यांचं तापमान. पंखा नसेल तर वर गरम आणि खाली गार असे थर होतात. अशा वेळी अंड्यांच्या माथ्यावर ३८.५ च्या आसपास ठेवावं लागतं. पण पंख्याशिवायच्या भानगडीत नवख्याने पडू नये.

ओलावा: कोकण वेगळं, पुणं वेगळं

पहिले १८ दिवस ५० ते ५५ टक्के, शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० टक्के. एवढं सगळे सांगतात. ते गाठायला पाणी किती लागेल हे मात्र बाहेरच्या हवेवर ठरतं. हवा तापली की तिची सापेक्ष आर्द्रता उतरते. जुलैत रत्नागिरीला बाहेर २८ अंश आणि ८५ टक्के आर्द्रता असेल, तर तीच हवा ३७.५ अंशांना तापल्यावर आपोआप ५० टक्क्यांवर येते. म्हणजे पहिले १८ दिवस थाळीत पाणी नसलं तरी चालतं, उलट घातलं तर पिल्लं आतल्या पाण्यात बुडतात. जानेवारीत पुण्याची दुपारची कोरडी हवा खोक्यात गेली की १५-२० टक्क्यांवर येते. तिथे दोन थाळ्यासुद्धा कमी पडतील.

थाळीची खोली बिनकामाची, पाण्याचा पृष्ठभाग महत्त्वाचा. उंच पेला भरून ठेवण्यापेक्षा १५ × १० सेंमीची पसरट थाळी जास्त ओलावा देते. कमी पडलं तर त्यात स्पंज उभा करा. पाणी कोमट घाला, भोकातून नळी घालून बाहेरूनच भरता आलं तर फार सोयीचं.

खरी कसोटी वजनाची. १८ दिवसांत अंड्याचं वजन ११ ते १३ टक्के घटलं पाहिजे. गावठी कोंबडीची ४५ ग्रॅमची दहा अंडी वेगळी खूण करून बसवताना तोला: ४५० ग्रॅम. रोज ३ ग्रॅम या हिशेबाने सहाव्या दिवशी ४३२, बाराव्या दिवशी ४१४, अठराव्या दिवशी ३९६. घट कमी असेल तर पाणी कमी करा, जास्त असेल तर वाढवा. मधे एखादं अंडं काढून टाकलं तर हिशेब नव्याने मांडा. मापक खोटं बोलेल, तराजू बोलत नाही.

विदर्भ, खानदेश, मराठवाड्यात एप्रिल-मेमध्ये अंडी न बसवलेली बरी. हे खोकं फक्त गरम करू शकतं, गार नाही. खोलीतच ३८ अंश असतील तर बल्ब बंद राहूनही आतलं तापमान चढतं, कारण मोठे गर्भ स्वतः उष्णता सोडतात. नोव्हेंबर ते फेब्रुवारी हा सर्वांत सुखाचा काळ.

बसवणं आणि फिरवणं

अंडी खोलीच्या तापमानाला आणा, नाहीतर गरम हवेत कवचाला घाम सुटतो. प्रत्येकावर शिसपेन्सिलने एका बाजूला फुली, दुसऱ्या बाजूला गोल करा. स्केचपेन नको, शाई छिद्रांतून आत जाते. अंडी आडवी ठेवा. आत गेल्यावर तापमान उतरेल आणि चार-सहा तास चढणार नाही, त्यामुळे घाबरून सेटिंग वाढवू नका.

दिवस मोजताना पहिले २४ तास झाल्यावर एक दिवस धरायचा. त्यामुळे जो वार बसवण्याचा, तोच वार पिल्लांचा. रविवारी संध्याकाळी बसवली तर तिसऱ्या आठवड्यानंतरच्या रविवारी पिल्लं, आणि फिरवणं बंद करायचा दिवस त्याआधीचा गुरुवार.

दिवसातून तीन किंवा पाच वेळा फिरवा. विषम आकडा एवढ्यासाठी की रात्रीचा लांब पल्ला दर वेळी एकाच बाजूवर येऊ नये. सकाळी फुली वर, दुपारी गोल, रात्री फुली, दुसऱ्या दिवशी उलट. एकाच दिशेने गोल गोल फिरवू नका, पुढे-मागे फिरवा. पहिल्या आठवड्यात फिरवण्यात हयगय झाली तर गर्भ कवचाच्या आतल्या पापुद्र्याला चिकटतो. हात धुतलेले, तेल न लागलेले. काम दोन मिनिटांत उरकायचं.

लाव्ह्याची अंडी १७-१८ दिवसांत, बदकाची आणि टर्कीची २८ दिवसांत फुटतात. एका खोक्यात सगळी खिचडी करू नका.

उजेडावर तपासणी

अंधाऱ्या खोलीत मोबाइलच्या टॉर्चवर भोक पाडलेला पुठ्ठा ठेवून अंड्याचं जाड टोक त्यावर धरा. सातव्या दिवशी आत कोळ्यासारखा काळा ठिपका आणि त्यातून फुटलेल्या लाल शिरा दिसल्या की अंडं जिवंत. सगळं कोरं, पिवळसर दिसलं तर फलित नव्हतंच. शिरा नसून नुसतं लाल कडं दिसलं तर गर्भ सुरुवातीलाच मेला. चौदाव्या दिवशी बराचसा भाग काळा असतो आणि नीट बघितलं तर हालचाल दिसते. अठराव्या दिवशी हवेची पोकळी सोडून सगळं काळं. गडद तपकिरी कवचातून सातव्या दिवशी नीट दिसत नाही. शंका असेल तर दहाव्या दिवशी पुन्हा बघा.

वास येणारं किंवा कवचावर थेंब फुटलेलं अंडं लगेच बाहेर. ते आत फुटलं तर सगळी बॅच गेली.

वीज गेली तर

गारव्यापेक्षा उष्णतेने अंडी लवकर मरतात. दोन-तीन तासांच्या लोडशेडिंगने बहुधा काही बिघडत नाही: झाकण उघडू नका, भोकं मोकळी ठेवून खोक्यावर गोधडी टाका. वीज आली की गोधडी आधी काढा. जास्त वेळ लागणार असेल तर कोमट पाण्याच्या बाटल्या, हाताला सहन होतील एवढ्याच, अंड्यांपासून दूर कोपऱ्यात ठेवा. घरचा इन्व्हर्टर हा भार सहज ओढतो. नंतर ‘भरपाई’ म्हणून तापमान वाढवायचं नाही. पिल्लं अर्धा-एक दिवस उशिरा येतील एवढंच.

शेवटचे तीन दिवस

अठराव्या दिवशी फिरवणं बंद. जाळीवर खरखरीत कापड किंवा रबरी जाळी अंथरा. वर्तमानपत्रावर पिल्लांचे पाय घसरून फाकतात आणि ती कायमची अधू होतात. दुसरी थाळी भरा, तापमान ३७.२ पर्यंत उतरवलं तरी चालेल, आणि झाकण बंद.

पिल्लू आधी आतल्या हवेच्या पोकळीत चोच घालतं, तेव्हा बारीक चिवचिव ऐकू येते. मग कवचावर ताऱ्यासारखी चीर पडते. त्यानंतर १२ ते २४ तास काहीच होत नाही. नवखे लोक इथेच घात करतात. या वेळात पिल्लू उरलेला बलक पोटात ओढून घेत असतं आणि पापुद्र्यातल्या शिरांतलं रक्त आत जात असतं. कवच सोलून मदत केली की रक्त येतं आणि पिल्लू जातं. झाकण उघडलं की ओलावा एकदम उतरतो, पापुद्रा सुकून चामड्यासारखा होतो आणि बाकीची पिल्लं आत अडकतात. पहिलं पिल्लू एकटं ओरडत असलं तरी ओरडू द्या. पोटातल्या बलकावर ते २४ तास आरामात काढतं. वाळून फुललेली पिल्लं दिवसातून एक-दोनदाच, झटकन काढा.

न फुटलेली अंडी फोडून बघा

तेविसाव्या दिवशी उरलेली अंडी अंगणात नेऊन फोडा, फेकून देऊ नका. पुढच्या बॅचची चूक तिथेच सापडते.

बरीच अंडी पहिल्या तीन-चार दिवसांत मेलेली असली तर दोष साठवणीचा, प्रवासातल्या हिसक्यांचा किंवा सुरुवातीला तापमान चढल्याचा. पूर्ण वाढलेलं पिल्लू आत पाण्यात बुडालेलं असेल तर ओलावा १८ दिवस जास्त होता. कोरडं, कवचाला चिकटलेलं असेल तर कमी होता, किंवा शेवटी झाकण उघडलं गेलं. पिल्लं विसाव्या दिवसाआधीच आली आणि बेंबी ओली-रक्ताळलेली असेल तर तापमान जास्त; बाविसाव्या-तेविसाव्या दिवशी रडतखडत आली तर कमी. फलित अंड्यांपैकी तीन चतुर्थांश फुटली तर घरच्या खोक्यासाठी चांगलं समजा. टक्केवारी काढताना कोरी अंडी धरू नका, तो कोंबड्याचा हिशेब आहे.

बाहेर आल्यावर

कृत्रिम दाई, म्हणजे पिल्लांना बल्बची ऊब देणारी जागा, आदल्या दिवशीच तापवून ठेवा. पिल्लांच्या पाठीच्या उंचीला पहिल्या आठवड्यात ३४-३५ अंश, मग दर आठवड्याला तीनेक अंश कमी. पिल्लं बल्बखाली गठ्ठा करून बसली तर थंडी वाजतेय, कडेला पळून चोच उघडी टाकून बसली तर उकडतंय. आधी गुळाचं पाणी, दोन-तीन तासांनी मक्याचा बारीक भरडा, दुसऱ्या दिवसापासून चिक स्टार्टर, म्हणजे लहान पिल्लांचं तयार खाद्य. पाण्याच्या भांड्यात गोट्या किंवा खडे टाका, नाहीतर पिल्लं बुडतात. राणीखेत या कोंबड्यांच्या रोगावरची लासोटा लस पाचव्या ते सातव्या दिवशी. पशुवैद्यकीय दवाखान्यात आधी विचारून ठेवा, कारण कुपी मोठी असते आणि फोडल्यावर लगेच वापरावी लागते.

निम्मी पिल्लं नर निघणार, हे धरूनच अंड्यांचा आकडा ठरवा. खोकं मात्र त्याच दिवशी साफ करा: कवचं, लव काढून साबणाच्या पाण्याने पुसा, मग ब्लीचिंग पावडरच्या पातळ पाण्याने पुसून सावलीत पूर्ण वाळवा. थर्माकोल चिकट घाण शोषून घेतो, म्हणून तळाशी आधीपासूनच जाड प्लास्टिक अंथरलेलं असेल तर पुढच्या खेपेला तेवढंच बदललं की झालं.